कुंडीतल्या रबराची कुळकथा

जिन्याच्या वळणावर, बँकेच्या दाराशी, दवाखान्यातल्या बाकाशेजारी किंवा आपल्याच दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक कुंडी असते. तिच्यात सरळसोट वाढलेलं, जाड, चकचकीत, वीतभर पानांचं एक झाड असतं. शेंड्याला लालसर, टोकदार कोंब. पान तोडलं की पांढरा चीक टपकतो. आपण सगळे त्याला ‘रबर प्लांट’ म्हणतो. शास्त्रीय नाव फायकस इलास्टिका. म्हणजे आडनाव फायकस. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांचं आणि याचं गोत्र एकच.

मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे या झाडाबद्दल दोन प्रश्न मला हमखास विचारले जातात. पहिला : यापासून खरंच रबर मिळतं का हो? दुसरा : याची पानं पिवळी पडून गळतात, काय करू? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा बागकामाचा. पण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं आहे. म्हणून आज आधी इतिहास सांगते.

सुरुवात होते मधापासून. १८१० साल संपत आलं होतं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते डॉ. विल्यम रॉक्सबर्ग. सिल्हेटमध्ये राहणाऱ्या मॅथ्यू रिचर्ड स्मिथ नावाच्या गृहस्थांनी त्यांना मधाने भरलेलं एक भांडं पाठवलं. भांडं कसलं, वेताच्या कामट्यांची विणलेली, चौकोनी बाटलीच्या आकाराची टोपलीच ती. तिकडे तिला ‘तुरोंग’ म्हणत. दोनेक गॅलन मध तिच्यात होता आणि एक थेंबही गळत नव्हता. वेताच्या टोपलीतून मध गळत नाही, हे कसं? स्मिथ यांनी कळवलं होतं, की सिल्हेटच्या उत्तरेला जैंतियाच्या डोंगरांत एक झाड होतं, त्याच्या चिकाने टोपली आतून सारवतात. रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा त्या अस्तराचीच उत्सुकता जास्त. त्यांनी टोपली रिकामी करून धुवायला लावली. आत रबराचा सलग, पातळ थर निघाला.

या गोष्टीचं महत्त्व कळायला त्या काळात रबराची काय स्थिती होती ते पाहायला हवं. दक्षिण अमेरिकेतून रबराचे नमुने फ्रेंच प्रवासी ला काँदामीन याने १७३६ मध्ये पॅरिसला पाठवले होते. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने पेन्सिलीची अक्षरं त्याने खोडता येतात, अशी नोंद केली. पण तो माल अमेरिकेतून यायचा. इथे तर कंपनी सरकारच्या सीमेवरच रबराचं झाड निघालं होतं. रॉक्सबर्ग यांनी त्याची रोपं मिळवली, वर्णन केलं, नाव दिलं. ते १८१५ मध्ये वारले आणि त्यांचा वनस्पतिकोश त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला. पण ज्या डोंगरी माणसांनी टोपलीला अस्तर लावायची युक्ती काढली, त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे विसरायला नको.

पुढे १८३८ मध्ये विल्यम ग्रिफिथ या डॉक्टर आणि वनस्पतितज्ज्ञाने आसामातल्या रबराच्या झाडांवर अहवाल लिहिला. त्याने मोजलेल्या एका मोठ्या झाडाची मापं ऐका. मुख्य खोडाचा घेर ७४ फूट. पारंब्यांचे खांब धरून १२० फूट. फांद्यांनी व्यापलेल्या जागेचा घेर ६१० फूट. उंची १०० फूट. आपल्या टीव्हीशेजारच्या कुंडीतल्या झाडाचा हा सख्खा पूर्वज.

एवढा मोठा वृक्ष कुंडीत जगतो कसा? याचं उत्तर त्याच्या बालपणात आहे. हे झाड रानात बहुधा जमिनीवर जन्मत नाही. पक्षी फळ खातात, बी दुसऱ्या एखाद्या उंच झाडाच्या बेचक्यात पडतं आणि तिथेच रुजतं. तिथे माती म्हणजे काय, तर साठलेला पालापाचोळा आणि मूठभर धूळ. पाऊस पडला की पाणी, थांबला की कोरडं. वर मोठ्या झाडाची सावली. अशा अडचणीच्या जागी ते रोप काही वर्षं काढतं आणि मुळं खाली सोडत राहतं. ती जमिनीला टेकली, की मग त्याची खरी वाढ सुरू होते.

वनस्पतिशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, प्रात्यक्षिकाला या पानाचा काप घ्यायला लावतात. पानाच्या वरच्या बाजूला त्वचेचा एक थर नसतो, अनेक थर असतात. त्यावर मेणचट आवरण. मधूनच एखाद्या मोठ्या पेशीत कॅल्शियम कार्बोनेटचा द्राक्षाच्या घडासारखा खडा लोंबताना दिसतो. मुलं तो बघून हरखतात. हे सारं पाणी जपून वापरायचं साधन आहे. थोडी माती, थोडी सावली, मधूनमधून पडणारा कोरडा काळ, हे या झाडाला बेचक्यातलं लहानपण असतं तसंच आहे. आपली कुंडी म्हणजे त्याच्या दृष्टीने तीच बेचकी.

आता रबराकडे वळू. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉशने रबर लावलेलं पाणी न शिरणारं कापड केलं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवलं की ते टिकाऊ होतं, हे सापडलं. मागणी वाढली आणि आसामच्या रानांत चीक काढणाऱ्यांची झुंबड उडाली. खोड, फांद्या, जमिनीवर आलेली मुळं, जिथे जमेल तिथे घाव घातले गेले. शंभर-शंभर वर्षांची झाडं काही हंगामांत वाळून गेली. जवळची झाडं संपली, की व्यापारी आणखी आतल्या डोंगरांत जात. तिथल्या टोळ्यांशी तंटे होत.

या तंट्यांतून १८७३ साली दोन गोष्टी घडल्या. एक, ‘बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन’ नावाचा कायदा. त्याने डोंगराळ भागाच्या पायथ्याशी एक रेषा आखली, तिचं नाव ‘इनर लाइन’. परवान्यावाचून ती ओलांडायची नाही. ओलांडणाऱ्याकडे सापडलेला रानातला माल जप्त करता येईल, असं कलम त्यात होतं आणि त्या मालाच्या यादीत पहिलं नाव रबराचं होतं, मग मेण, हस्तिदंत वगैरे. आजही आपल्याकडची मंडळी अरुणाचलला फिरायला जातात, तेव्हा इनर लाइन परमिट काढावं लागतं. ते कागद हातात घेताना घरातल्या कुंडीची आठवण कोणाला होत नसेल, पण त्या कागदामागे ज्या कारणांची गर्दी होती, तिच्यात हे झाडही उभं होतं.

दुसरी गोष्ट, त्याच वर्षी तेजपूरजवळ चारदुआर इथे वनखात्याने या झाडाची लागवड सुरू केली. आसामचे वनाधिकारी गुस्ताव मान यांची ती कामगिरी. आधी त्यांनी निसर्गाची नक्कल केली : रोपं उंच झाडांच्या बेचक्यांत ठेवली. मुळं खाली यायला वर्षांमागून वर्षं लागली. मग मातीचे उंचवटे करून त्यावर रोपं लावली, तेव्हा वाढ बरी झाली. तरीही झाड चीक काढण्याजोगं व्हायला दोन-अडीच दशकं लागणार होती.

तेवढा धीर बाजाराला नव्हता. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून हेविया नावाच्या दुसऱ्या रबरवृक्षाच्या सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात आणल्या. त्यातल्या अडीच-तीन हजारच रुजल्या. १९०० हून अधिक रोपं काचेच्या बंद पेट्यांतून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, रवाना झाली. १८७७ मध्ये २२ रोपं सिंगापूरला पोचली. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी हेन्री रिडली सिंगापूर उद्यानाचे प्रमुख झाले. मळेवाल्यांना ‘हेविया लावा’ म्हणून ते इतके मागे लागत, की लोक त्यांना ‘वेडा रिडली’ म्हणू लागले. पण झाडाला इजा न करता पुन्हा पुन्हा चीक कसा काढायचा, हे त्यांनीच दाखवून दिलं.

आणि इथेच आपल्या आसामी झाडाचा पराभव झाला. हेवियाच्या सालीतल्या चीकवाहिन्या जाळ्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका ठिकाणी बारीक चीर दिली, की आजूबाजूचा चीक तिथे वाहून येतो आणि तीच चीर पुन्हा थोडी खरवडली की पुन्हा येतो. फायकसच्या वाहिन्या अशा जोडलेल्या नसतात. एका घावाला त्या घावापुरताच चीक. शिवाय त्यात राळेचा अंश जास्त. हेविया सहा-सात वर्षांत चीक देऊ लागतो. चारदुआरची झाडं तयार होईपर्यंत खेळ संपला होता. केरळात थट्टेकाडला १९०२ मध्ये व्यापारी लागवड झाली ती हेवियाची. आपल्या दोडामार्ग तालुक्यात आज डोंगरउतारांवर रबराचे मळे दिसतात, तेही हेवियाचेच. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, या झाडापासून रबर मिळतं, एके काळी जगभर विकलंही गेलं. पण आज आपल्या गाडीच्या टायरमध्ये जे नैसर्गिक रबर असतं, ते याच्या दूरच्याही नात्यातलं नाही.

ज्या दशकांत हे झाड रबराच्या बाजारातून हद्दपार झालं, त्याच दशकांत ते युरोप-अमेरिकेच्या दिवाणखान्यांत शिरलं. तिथली घरं तेव्हा कशी होती? जाड पडदे, कोळशाची शेगडी, गॅसचे दिवे, काजळी. नाजूक फुलझाडं त्यात आठवडाभर टिकत नसत. बेचक्यातल्या सावलीत वाढायची सवय असलेलं हे झाड मात्र टिकलं. पानावरची काजळी ओल्या फडक्याने पुसली, की झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत तर ‘गुमीबाउम’, म्हणजे रबराचं झाड, ही मध्यमवर्गीय घराची खूणच ठरली. आपल्याकडे मी ते पहिल्यांदा पाहिलं सरकारी कचेऱ्यांत आणि हॉटेलांच्या दाराशी. मग सोसायट्यांचे ब्लॉक आले, गॅलऱ्या आल्या आणि अंगण नसलेल्या घरात हे झाड अंगणाची जागा भरून काढू लागलं. आजकाल सारंगीच्या आकाराच्या पानांचं फायकस लिराटा जोरात आहे. ते पश्चिम आफ्रिकेतलं, याचंच चुलत भावंड. त्याचे लाड थोडे जास्त करावे लागतात, पण गणित तेच.

ते गणित आता सांगते. हे झाड मरतं ते उपेक्षेने कमी आणि मायेने जास्त. रोज सकाळी देवपूजा झाली की तांब्याभर पाणी घालायचं, ही आपली सवय. बेचक्यात वाढणाऱ्या झाडाच्या मुळांना पाणी हवं, पण हवाही हवी. सतत चिखल राहिला की मुळं कुजतात, मग खालची पानं पिवळी पडतात. पानं गळताना पाहून आपण आणखी पाणी घालतो! तर असं करू नये. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं. कोरडं लागलं तरच भरपूर पाणी घालावं, तळाच्या भोकातून निथळू द्यावं आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकावं. पावसाळ्यात आठ-दहा दिवसही चालून जातं. माती चिकण नको. वाळू किंवा कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळून ती भुसभुशीत करावी.

उजेड भरपूर हवा, पण दुपारचं ऊन थेट नको. खिडकीपासून हात-दोन हात अंतरावर कुंडी ठेवावी. अंधाऱ्या कोपऱ्यात ते जगतं, पण उंच, किडमिडं होतं आणि पांढरे पट्टे असलेल्या जातीचे पट्टे फिके पडतात. घरातलं झाड एकदम गच्चीवर उन्हात नेलं तर पानं भाजतात. जागा बदलायची ती हळूहळू. वातानुकूलन यंत्राचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. आठवड्याने पानं ओल्या मऊ फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसावीत. चमक यावी म्हणून खोबरेल तेल, दूध असलं काही लावू नये. पानाची श्वासाची रंध्रं खालच्या बाजूला असतात, ती बुजतात आणि तेलावर धूळ आणखी बसते. देठापाशी कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून काढावा. छाटताना चीक हाताला, डोळ्याला लागू देऊ नये, लहान मुलं आणि घरातली मांजर-कुत्री यांनाही त्यापासून जपावं. ज्यांना रबराची ॲलर्जी आहे त्यांनी तर हातमोजे घालावेतच.

एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘हे झाड घरातली हवा शुद्ध करतं’ असं रोपवाटिकेत सांगतात. त्याचं मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या अहवालात आहे. पण ते प्रयोग बंदिस्त पेट्यांत, निरनिराळ्या शोभेच्या झाडांवर झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यावरून दिसलं, की खोलीच्या हवेत फरक पडायला इतकी झाडं लागतील की माणसाला बसायला जागा उरणार नाही. त्यापेक्षा खिडकी उघडावी. झाड ठेवायचं ते आवडतं म्हणून ठेवावं.

आमच्या इमारतीच्या पुनर्बांधणीचं ठरलं, तेव्हा सगळ्यांची बांधाबांध सुरू झाली. तळमजल्यावरच्या एका काकांकडे छताला टेकलेलं रबराचं झाड होतं. काकूंनी लावलेलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. भाड्याच्या दोन खोल्यांत ते मावणार नव्हतं. काका म्हणाले, “मागच्या कुंपणाच्या भिंतीपाशी जमिनीत लावून टाकतो. तेवढंच राहील बिचारं.” मी म्हटलं, “काका, असं करू नका. वडाची जात आहे ही. आज कुंडीत गरीब दिसतंय, पण मुळं एकदा जमिनीत शिरली की भिंतीत, पाइपात, ड्रेनेजमध्ये जातील. उद्या तेच लोक करवत घेऊन येतील.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे टाकून देऊ म्हणतेस?”

टाकून द्यायचं नव्हतंच. पावसाळा तोंडावर होता. आम्ही शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली खोडाला गुटी बांधली. गुटी म्हणजे काय, तर फांदीची बोटभर रुंदीची साल गोल काढायची, वाहणारा चीक पुसायचा, त्यावर ओलं शेवाळ किंवा कोकोपीट लावायचं आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. आपले माळी पेरू, डाळिंबाला हेच करतात. या झाडाला तर हवेत मुळं सोडायची वंशपरंपरेची सवयच. महिना-दीड महिन्यात प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली. खालून कापून तो शेंडा नव्या कुंडीत लावला. काकांनी तो भाड्याच्या घरी नेला. उरलेल्या खोडाला खाली दोन फुटवे आले, ती कुंडी शेजारच्या बालवाडीने व्हरांड्यात ठेवून घेतली. मोठ्या झाडाचं असं लहान झाड करता येतं आणि तरी ते तेच झाड राहतं. बियांपासून झालेलं नवं झाड नव्हे, काकूंच्याच हातचं. आपल्याकडे दिसणारी कुंड्यांतली बहुतेक रबराची झाडं अशीच कलमांची कलमं आहेत. कारण फायकसच्या प्रत्येक जातीचं परागीभवन करणारा बारीक गांधीलमाशीसारखा कीटक ठरावीक असतो. तो जिथे नाही तिथे फळात रुजणारं बी धरत नाही.

या झाडाला जमिनीत, आपल्या जागी, मोकळं वाढू दिलं तर काय होतं, हे पाहायचं असेल तर मेघालयात जावं. रॉक्सबर्ग यांच्याकडे मधाची टोपली ज्या डोंगरांतून आली, त्याच खासी-जैंतिया डोंगरांत ओढ्यांवर जिवंत मुळांचे पूल आहेत. काठावर हे झाड लावतात, पोखरलेल्या सुपारीच्या खोडांतून त्याची कोवळी मुळं पलीकडच्या काठाकडे नेतात, एकमेकांत विणतात. माणसाचा भार पेलण्याजोगा पूल व्हायला एक पिढी जाते. लावणारा बहुधा नातवंडांसाठी लावतो. हेन्री यूल याने १८४४ मध्ये या पुलांबद्दल लिहिलं होतं. त्यातल्या नोंग्रियाट गावचा दुमजली पूल पाहायला आता जगभरातून लोक येतात. खासी भाषेत या पुलांना ‘जिंगकिएंग ज्री’ म्हणतात आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचं नाव गेलं.

चारदुआरच्या लागवडीतलं आणि या पुलांचं झाड तेच, हवामानही फारसं वेगळं नाही. एकीकडे दोन-अडीच दशकं थांबणं परवडलं नाही, दुसरीकडे तेवढंच थांबणं हा कामाचाच भाग होता. सरकारी हिशेबात जे झाड फुकट गेलं, त्याच झाडावरून आजही शाळेची मुलं पावसाळ्यात ओढा ओलांडतात.

तेव्हा घरातल्या कुंडीला उद्या पाणी घालण्याआधी बोट मातीत घालून पाहा. ओलं लागलं तर तांब्या तसाच परत न्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)